पांढऱ्या सदऱ्यावरील डाग

जून महिन्यांत शाळा उघडते आणि त्याच सुमारास माणगांवांत पाऊस व जांभळें यांचेंहि आगमन होतें. त्यामुळें नव्या गणवेशाचा पांढरा सदरा पहिला आठवडाभरहि शुभ्र राहत नाहीं. पाठीवर तांबड्या मातीचे शिंतोडे, छातीवर जांभळाचा रस आणि बाहीवर डब्यांतील हळदीचा ओघळ, असा देखावा वर्गावर्गांतून दिसतो. मग मुलास घरीं बोल ऐकावे लागतात, शाळेंत मान खालीं घालावी लागते, आणि त्याची आई तोच सदरा दगडावर आपटून आपटून विरवून टाकते. ज्या घरीं सदरा एकच आहे, त्या घरीं ही गोष्ट लहान नव्हे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आमचें पहिलें म्हणणें असें कीं, या कामीं बळापेक्षां ज्ञान अधिक उपयोगी पडतें. प्रत्येक डागाचा स्वभाव निराळा असतो. हळदीच्या डागास साबण लावतांच तो लाल होतो. क्षाराच्या संयोगानें हळदीचें रंगद्रव्य आपला रंग पालटतें, इतकाच त्याचा अर्थ. घाबरण्याचें कारण नाहीं. सदरा नीट धुऊन कडक उन्हांत घालावा. सूर्यप्रकाशानें तें रंगद्रव्य हळूहळू नष्ट होतें. रक्ताचा डाग थंड पाण्यानेंच धुवावा. कढत पाण्यानें अंड्याचा बलक थिजतो, त्याचप्रमाणें रक्तहि धाग्यांत थिजून बसतें. चिखल ओला असतां चोळूं नये. वाळल्यावर झटकावा व मग साबण लावावा. बॉलपेनच्या शाईखालीं जुनें फडकें धरून वरून स्पिरिटाच्या बोळ्यानें टिपावें, मात्र शेगडीपासून दूर. तारेच्या किंवा खिळ्याच्या गंजावर लिंबू व मीठ लावून ऊन द्यावें. केळीचा चीक व काजूच्या बोंडाचा रस हे मोठे लबाड! लागतेवेळीं ते दिसत नाहींत आणि वाळल्यावर तपकिरी होऊन प्रकट होतात. त्यांस तत्काळ भरपूर पाणी दाखवावें. कोणताहि डाग गेल्याची खात्री होईपर्यंत त्यावर इस्त्री फिरवूं नये.

दुसरें म्हणणें सावधगिरीचें आहे. शील या रसायनशास्त्रज्ञानें 1774 मध्यें क्लोरीन वायु प्रथम तयार केला आणि 1799 मध्यें टेनंट यानें ब्लीचिंग पावडरीचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून कापड शुभ्र करण्याचें काम सोपें झालें खरें, परंतु गंजाच्या डागावर ही पावडर लावल्यास तो अधिकच पक्का होतो. आणि तिच्यांत लिंबू, व्हिनेगर किंवा मोरी धुण्याचें आम्ल मिसळल्यास तोच विषारी वायु बाहेर पडतो. दोन औषधें एकत्र केल्यानें गुण दुप्पट होतो, ही समजूत येथें प्राणावर बेतण्यासारखी आहे.

तिसरें म्हणणें आमच्या मनाला विशेष लागून राहिलें आहे. पूर्वीं परीट कपड्यांवर खूण करण्यासाठीं बिब्ब्याचा रस वापरीत, कारण ती खूण धुण्यानें जात नसे. आपल्या ओळखीचा काजू त्याच बिब्ब्याच्या कुळांतील आहे. तेव्हां कांहीं डाग राहणारच, हें जाणणें हाहि ज्ञानाचाच भाग होय. चार उपायांनीं न जाणाऱ्या डागावर पांचवा जहाल उपाय करून कापडास भोंक पाडण्यांत शहाणपण नाहीं. स्वच्छ धुतलेला, परंतु एखादा फिकट डाग उरलेला सदरा हा स्वच्छच सदरा समजावा, अशी शिक्षकांस आमची नम्र विनंति आहे. अस्वच्छता आणि गरिबी यांतील भेद ज्यास कळत नाहीं, त्यानें मुलांची तपासणी करूं नये.

शेवटीं विद्यार्थिमित्रांनो, एक प्रश्न तुम्हांसच विचारतों. जांभळें तुम्हीं खाल्लीं, चिखलांत तुम्ही खेळलां. मग रात्रीं सर्व निजल्यावर मोरीपाशीं आईनेंच कां बसावें? सायंकाळीं घरीं येतांच सदरा काढून डाग भिजत घालण्यास पांच मिनिटें पुरतात. पुस्तकांत आम्ल व क्षार यांचा पाठ तुम्ही वाचतां. त्याचा पहिला प्रयोग आपल्या बाहीवर करून पाहा. यांत मुलगा आणि मुलगी असा भेद आईबापांनींहि करूं नये. ज्याचा डाग त्यानेंच धुवावा, हा नियम घरोघरीं लागू झाला, तर सदरे तर उजळतीलच, पण एका थकलेल्या जीवास घटकाभर विसांवा मिळेल, आणि आमच्या मतें तोच लाभ मोठा आहे.