उंदीर नकोत, झेप पुरे

आमच्या घरात सध्या दोन तट पडले आहेत. वादाचा विषय: उंदीर घ्यावेत की नाही. खरे उंदीर नव्हेत. पेठेतल्या जुन्या वाड्यात राहिलेल्या माणसाला ते वेगळे घ्यावे लागत नाहीत, ते असतातच. :-) हे उंदीर 'डिसऑनर्ड' नावाच्या व्हिडिओ गेममधले. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेले आमचे भाचेबुवा सध्या आमच्याकडे मुक्कामाला आहेत आणि रात्री अकरानंतर अभ्यासाच्या नावाखाली हाच उद्योग चालतो. (ताई, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर.)

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१२ च्या ऑक्टोबरात हा आला. केला फ्रान्समधल्या लिआँच्या आर्केन स्टुडिओजने. डनवॉल नावाचं एक काल्पनिक बंदर आहे, जुन्या लंडनच्या धर्तीवरचं. शहरात उंदरांमुळे साथ पसरली आहे, दिवे देवमाशाच्या तेलावर चालतात आणि राणीचा खून झाला आहे. आळ आलाय तिच्याच अंगरक्षकावर, कोर्व्होवर. तो तुरुंगातून पळतो, आणि मग स्वप्नात 'आउटसायडर' नावाचा एक काळ्या डोळ्यांचा गृहस्थ येऊन त्याच्या डाव्या हातावर खूण उमटवून जातो. त्या खुणेबरोबर विद्या येतात. हा गृहस्थ पुढे काय करायचं ते सांगत नाही, नुसता बघत राहतो. मला तर तो आमच्या सोसायटीच्या कमिटीवरचाच कुणीतरी वाटतो.

विद्या सहा. झेप, म्हणजे डोळ्याचं पातं लवेपर्यंत इथून तिथे. भिंतीपलीकडची माणसं दिसणं. परकायाप्रवेश, आधी प्राण्यांच्या आणि पुढची पायरी घेतली तर माणसांच्याही अंगात. काळ मंद करणं आणि पुढे थांबवणं. वाऱ्याचा तडाखा. आणि आमचे वादग्रस्त उंदीर: हात पुढे केला की उंदरांची धाड समोरच्या पहारेकऱ्यावर तुटून पडते आणि मागे काहीही उरत नाही. याशिवाय अंगात मुरणाऱ्या चार शक्ती वेगळ्या, त्यातली एक तर अशी की नकळत मारलेल्या माणसाची राखच होते, म्हणजे प्रेत लपवण्याचा त्रास नाही. झेप फुकट मिळते. बाकीच्यांसाठी देवमाशाच्या हाडावर कोरलेल्या मुद्रा शहरभर हुडकत फिरायचं. मुद्रा मोजक्या असल्यामुळे निवड करावी लागते, आणि वाद तिथूनच सुरू होतो.

भाचेबुवांचं म्हणणं, "मामा, शक्ती दिली आहे तर वापरायची. नाहीतर दिली कशाला?" माझं म्हणणं असं की झेप घ्यावी, भिंतीपलीकडची नजर घ्यावी, आणि तिथे थांबावं. काका लोक या वादात "हे वय आहे का?" असा तिसराच मुद्दा घेऊन उतरतात, त्यांना तूर्तास बाजूला ठेवू.

माझ्या पक्षाची बाजू मांडतो. या सहा विद्यांचे सरळ दोन गट पडतात. एक गट तुम्हाला दाखवतो आणि पोचवतो. दुसरा गट प्रसंग निकालात काढतो. नजर आणि झेप घेऊन तुम्ही छपरावर बसलात की खालचं सगळं बघावंच लागतं. कोण कुठून कुठे फिरतो, कोण कंटाळून भिंतीला टेकलाय, कोणता दिवा विझवला तर जिना अंधारात जाईल. भोवतालचं जग तुम्हाला शिकावं लागतं. उलट काळ थांबवला की शिकण्यासारखं काही उरतच नाही. पहारेकरी पुतळा होतो, तुम्ही त्याच्या खिशातली किल्ली काढता आणि पुढे जाता. गेम करणाऱ्यांनाही हे ठाऊक असावं, कारण एक झेप घेतली की शक्तीची निळी पट्टी थोड्या वेळात आपोआप भरते, पण मोठ्या विद्या वापरल्या की औषधाची बाटली शोधत फिरावं लागतं. तुमचा पाय ज्या विद्येवर पडायला हवा, ती त्यांनी स्वस्त ठेवली आहे.

दुसरा मुद्दा हिशेबाचा. तुम्ही किती माणसं मारलीत याची हा गेम मुकाट्याने नोंद ठेवतो. फार मारलीत तर पुढच्या टप्प्यात शहरात उंदीर वाढतात, साथीचे रोगी वाढतात, पहारे वाढतात. राणीची लहान मुलगी एमिली चित्रं काढते, ती चित्रंही भेसूर होत जातात. तुम्हाला होडीतून ने-आण करणारा सॅम्युएल नावाचा साधा नावाडी आहे. फार रक्त सांडलंत तर शेवटच्या मोहिमेत तो तुम्हाला उतरवतो, तोंडावर सांगतो की तुझा तिटकारा येतो, आणि पिस्तुलाचा बार उडवून पहारेकऱ्यांना सावध करून निघून जातो. तिथे राक्षस येऊन शिक्षा देत नाही, एक म्हातारा माणूस तुमच्याशी नातं तोडतो. मला तरी ही शिक्षा जास्त लागली.

आता भाचेबुवांचा जोरकस मुद्दा, तोही प्रामाणिकपणे मांडायला हवा. तो म्हणतो, "न मारता खेळणं म्हणजे दयाळूपणा असं थोडंच आहे?" बरोबर आहे त्याचं. पेंडलटन नावाच्या जुळ्या भावांना न मारता वाटेतून दूर करता येतं, पण कसं, तर डोकी भादरून, जिभा कापून त्यांच्याच खाणीत मजुरीला लावून. लेडी बॉइलला न मारता दूर करायचं तर तिला बेशुद्ध करून तिच्यामागे वेड्यासारख्या लागलेल्या एका माणसाच्या हवाली करायचं. त्यावर खेळणाऱ्यांनी पूर्वीच पुष्कळ टीका केली आहे आणि ती रास्त आहे. तेव्हा 'मारलं नाही' एवढ्यावर पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही. पण यातून उंदीर घ्यावेत असं कुठे सिद्ध होतं? सिद्ध एवढंच होतं की विद्या कमी घेतल्या तरी जबाबदारी कमी होत नाही.

आणि मंडळी, हा वाद आपल्याकडे नवा थोडाच आहे? पतंजलींच्या योगसूत्रांचा तिसरा पाद उघडून बघा. अंतर्धान आहे, दुसऱ्याच्या शरीरात शिरणं आहे, आडपडद्यापलीकडचं दिसणं आहे. म्हणजे आमच्या भाच्याची बहुतेक यादी तिथे आहे. (उंदीर नाहीत. :-)) आणि त्याच पादात हेही बजावलं आहे की समाधीच्या वाटेवर या गोष्टी विघ्न आहेत. पुण्याहून तासाभरावर आळंदीला चांगदेवांची कथा सांगणारी भिंत आजही दाखवतात. कथेतले चांगदेव चौदाशे वर्षं जगलेले, सगळ्या सिद्धी हाताशी असलेले, वाघावर बसून, सापाचा चाबूक करून येतात. भावंडं बसली होती ती भिंतच चालू लागली. कथा म्हणूनच ती घेऊ, पण तिच्यातली निवड बघण्यासारखी आहे. चांगदेवांची विद्या दबदब्यासाठी आहे. भिंत चालली ती पाहुण्याला सामोरं जायला. आमच्या भाषेत सांगायचं तर झेप! कुणाला चिरडायला काही ती चालली नाही.

पण माझ्या पक्षाचा सगळ्यात मोठा पुरावा याच शहरात आहे, शनिवारवाड्यापासून चालत पाच मिनिटांवर. आज आपण लाल महाल म्हणतो ती वास्तू महापालिकेने १९८० च्या दशकात नव्याने बांधलेली. मूळ महाल कधीच गेला. पण ५ एप्रिल १६६३ च्या रात्री तिथे जे घडलं ते आपण शाळेत शिकतो आणि दुर्दैवाने तिथेच सोडून देतो. जदुनाथ सरकारांनी त्याचं वर्णन तपशिलात केलं आहे. ते वाचताना मला सारखं वाटत राहिलं की ज्या कामासाठी त्या गेममध्ये हाडं गोळा करावी लागतात, ती सगळी कामं इथे साध्या माणसांनी साध्या रीतीने केली आहेत.

अदृश्य व्हायचं होतं? छावणीच्या पहारेकऱ्यांनी हटकलं तेव्हा उत्तर मिळालं की आम्ही बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, नेमलेल्या जागेवर चाललोय. मोगलांच्या फौजेत दख्खनी माणसं होतीच, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. भिंतीपलीकडचं दिसायला हवं होतं? ज्या घरात लहानपण गेलं त्या घराच्या भिंती महाराजांना पाठ होत्या. काळ थांबवायचा होता? रमजानचा महिना निवडला, रोजा सोडून चाकरमाणसं गाढ झोपलेली असण्याची वेळ निवडली. मुदपाकखान्याकडून जनानखान्याकडे जाणारं दार विटामातीने चिणलेलं होतं, ते फोडताना आवाज झाला. नोकरांनी जाऊन खानाला उठवलं, तर क्षुल्लक कारणासाठी झोपमोड केली म्हणून खान त्यांच्यावरच खेकसला! हे कुठल्याही विद्येने घडवता आलं नसतं. आणि बाहेर नगारखान्यात काही मावळ्यांनी खानाच्याच नावाने हुकूम सोडला की वाजवा, जोरात वाजवा. त्या गदारोळात आतल्या किंकाळ्या बुडाल्या.

चारशे निवडक माणसं. त्यातली सहा परत आली नाहीत, चाळीस जखमी झाली. पलीकडचाही हिशेब सरकारांनी दिला आहे: खानाचा अंगठा गेला, मुलगा अबुल फतह बापाला वाचवायला धावला आणि मारला गेला, चाळीसेक चाकर गेले आणि अंधारात बायकाही मेल्या. हा भाग आपण पोवाड्याच्या आवाजात सांगताना गिळतो. गिळू नये. त्या रात्रीची किंमत दोन्हीकडच्या माणसांनी मोजली आहे.

यानंतर जे झालं ते माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. औरंगजेबाने खानाला बंगालकडे धाडलं, आणि मोगलांच्या गोटात बोलबाला झाला की हा माणूस नव्हेच, सैतान आहे, याला कुठल्या भिंती अडवत नाहीत. पुढच्याच वर्षी सुरतेतल्या एका इंग्रज पाद्र्याच्या पत्रातही महाराजांना पंख असल्याची वदंता नोंदलेली आहे. म्हणजे अलौकिक शक्ती आधी बहाल केल्या त्या शत्रूने, स्वतःच्या गाफीलपणावर पांघरूण घालायला. हल्ली आपलीच माणसं फॉरवर्ड केलेल्या मजकुरात तेच करताना दिसतात, फक्त सैतानाच्या जागी देव घालतात. माझा आक्षेप श्रद्धेला नाही. पण सगळं 'अलौकिक' म्हटलं की दार फोडणारा, नगारे वाजवायला लावणारा, न परतलेले सहाजण, या सगळ्यांचं श्रेय एका फटक्यात जातं. आणि आपल्यालाही मोकळीक मिळते: त्यांच्याकडे शक्ती होती, आपल्याकडे नाही, चला झोपा.

आता तुम्ही म्हणाल, मग शक्ती असलेले गेम खेळूच नयेत का? अजिबात असं नाही. आपल्या पुण्यातच नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्या मंडळींनी 'राजी' हा गेम केला, २०२० साली तो आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकनापर्यंत गेला. त्यात भावाला शोधायला निघालेल्या मुलीला दुर्गेचा त्रिशूळ मिळतो, विष्णूचं धनुष्य मिळतं. लपतछपत जाण्याचा तो गेम नाही, समोरासमोर लढायचं आहे. तिथे मिळालेलं बळ आग, वीज वगैरेंमध्ये हवं तेव्हा फिरवून घेता येतं. मला ते पटलं, कारण ते देवांकडून उसनं घेतलेलं आहे, ठरावीक कामासाठी. चोरपावलांच्या खेळाचं तसं नाही. तिथली गंमतच मुळी तुम्ही कमी आणि समोरचे जास्त असण्यात आहे. ती काढून घेतली तर उरतो तो नुसता दांडगावा.

'डिसऑनर्ड'वाल्यांनाही हे कुठेतरी पटलं असावं. पहिल्या भागात झेपेखेरीज एकही विद्या न घेता गेम पुरा केला तर वेगळी शाबासकी आहे. २०१६ च्या दुसऱ्या भागात तर त्या काळ्या डोळ्यांच्या गृहस्थाला सुरुवातीलाच "नको" म्हणून सांगता येतं आणि सगळा गेम हातापायांच्या बळावर खेळता येतो.

तर ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू फोनवर विचारलंस, "माराकाटीचा गेम ना तो?" आहे, माराकाटीचा होऊ शकतो. पण काल रात्री तुझा मुलगा एका छपरावर पंधरा मिनिटं नुसता बसून होता, खालच्या पहारेकऱ्याची फेरी मोजत. हाच मुलगा बारावीला पाच मिनिटं एका जागी बसत नव्हता, हे तूच सांगायचीस. परीक्षा जवळ आली की लॅपटॉप मी काढून घेईन, त्याची काळजी नको. आणि येत्या रविवारी त्याला लाल महालात घेऊन जातोय, नंतर जमलं तर सिंहगडापर्यंत, कारण त्या रात्रीची माणसं तिथूनच आली होती.

उंदीर त्याने अजून घेतलेले नाहीत. मुद्रा साठवतोय म्हणतो. तुमचं मत काय, ते जरूर कळवा. काका, तुम्हीही.