पूल की जमीन?

‘पाण्यातला व्यायाम? तो तर आजी-आजोबांचा!’ मीही असंच म्हणायचे. मग टर्फवर फुटबॉल खेळताना गुडघा मुरगळला आणि फिजिओने सरळ पूलमध्ये उतरवलं. छातीपर्यंतच्या पाण्यात उभे राहा, पायांवर वजनाचा साधारण तिसरा हिस्साच येतो. गुडघा कुरकुरतच नाही! पण हात जोरात फिरवून बघा. पाण्याची घनता हवेच्या जवळपास ८०० पट. जितका जोर लावाल, तितकं ते अडवतं. दुसऱ्या दिवशी माझे खांदे असे भरून आले की सॅक उचलवेना.

मग बाकी सगळं सोडून पूलच धरायचा? माझं मत, अजिबात नाही. पाणी आपलं वजन पेलतं, आणि हाडांना नेमकं तेच नको असतं. हाडं बळकट व्हायला धक्के लागतात: धावणं, दोरीच्या उड्या, जिने. ही कमाई साधारण तिशीपर्यंतच होते. म्हणजे आपल्या हातात थोडीच वर्षं आहेत, आणि ती आपण लिफ्टमध्ये घालवतोय. गुडघा बरा झाल्यापासून माझा आठवड्यातून दोनदा पूल, बाकी दिवस हॉस्टेलचे चार मजले जिन्याने. आणि हो, पाण्यातही घाम येतो, फक्त कळत नाही. बाटली काठावर ठेवा.