श्रद्धा आणि नागरिकत्व

उद्या नाताळ. बाजारपेठा दिव्यांनी लखलखत आहेत आणि केकच्या दुकानांपुढे सर्व धर्मांच्या ग्राहकांची रीघ लागली आहे. या आनंदास आमचा आक्षेप नाही. तथापि या रोषणाईत एक गंभीर प्रश्न झाकला जातो. धर्मनिरपेक्ष समाजात ख्रिस्ती मनुष्याने श्रद्धा न सोडता, आणि समाजाशीही न तुटता, कसे जगावे?

दोन सोपे मार्ग नेहमीच मोकळे असतात. चर्चच्या कुंपणाआड वेगळे जग उभारावे व स्वतःच्या संस्थांच्या हिताखेरीज अन्य सार्वजनिक प्रश्नांवर मौन पाळावे, हा एक. श्रद्धा रविवारच्या पोशाखाप्रमाणे घडी घालून ठेवावी आणि सोमवारपासून चारचौघांसारखे वागावे, हा दुसरा. पहिल्याने नागरिकत्व आटते, दुसऱ्याने श्रद्धा. आमच्या मते दोन्ही त्याज्य होत.

या संदर्भात केरळमधील एक प्रकरण स्मरणीय आहे. यहोवा साक्षीदार पंथातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी शाळेत आदराने उभी राहत. परंतु आपल्या श्रद्धेस अनुसरून ती गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढण्यात आले. उच्च न्यायालयात दाद लागली नाही. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. त्या पंथाची मते आम्हांस पटत नाहीत, पण तो येथे प्रश्नच नव्हे. त्या मुलांच्या उभे राहण्यात नागरिकत्व होते आणि मौनात श्रद्धा होती. आम्ही काही वर्षे वर्गात शिकविले आहे. असे विद्यार्थी कोणत्याही शिक्षकाने दाराबाहेर घालवू नयेत.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर हा मार्ग येथे पूर्वीच मळलेला आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपली ख्रिस्तभक्ती अभंग-भजनांतून गायिली. पंडिता रमाबाईंनी केडगावी निराधार स्त्रियांना आसरा दिला आणि बायबल मराठीत आणले. वसईची हिरवळ वाचविण्यासाठी झगडलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिव येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या पाद्रीपणावर काहींनी बोट ठेवले. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली मराठीतच छापले गेले, याचा त्यांना विसर पडला असावा.

बहुसंख्यांकांनी एक गोष्ट ध्यानी धरावी. घटनेच्या पंचविसाव्या कलमाने दिलेले सद्सद्विवेकबुद्धीचे, धर्माचरणाचे व धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य ही कोणी घातलेली भिक्षा नव्हे. जबरदस्तीने धर्मांतर होत असेल तर त्याचा बंदोबस्त कायद्याने करावा. केवळ संशयावरून प्रार्थनासभेवर चालून जाणारा जमाव धर्मरक्षणही करीत नाही आणि राज्यघटनेचे पालनही करीत नाही.

ख्रिस्ती बांधवांनाही आमचे एक सांगणे आहे. घटनासमितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते, आणि धार्मिक अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळांतील राखीव जागा नकोत, असा ठराव १९४९ साली सल्लागार समितीत त्यांनीच मांडला. शेजाऱ्यांच्या न्यायबुद्धीवरचा तो विश्वास होता. तो विश्वास सार्थ ठरविणे हे शेजाऱ्यांचे कर्तव्य आहे. परंतु दुसऱ्या कोणाच्या प्रार्थनास्थळावर दगड पडेल तेव्हा निषेधाचा पहिला आवाज चर्चमधून उठावा, हीही त्या विश्वासाचीच मागणी आहे. शेजाऱ्यावर प्रेम करावयास सांगणाऱ्या धर्माच्या अनुयायांना ती जड वाटू नये.