गावचं सागवान ‘कच्चं’ आणि सुरतचा स्लॅब ‘पक्का’? खानदेशी घराचा हिशोब पुन्हा मांडायला हवा

बमरोली (सुरत) : उधना, पांडेसरा, बमरोली या पट्ट्यात नंदुरबार, धुळे, जळगावकडची मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. कुणी लूमवर, कुणी डाईंग मिलमध्ये. आखाजीला गावी गेलं की घरात एक विषय हमखास निघतो : जुनं धाब्याचं घर पाडायचं कधी? सागाचे सरे, कड्या, खांब विकायचे, त्यात भर घालायची आणि स्लॅब टाकायचा. ‘आते लाकडाना घरम्हा कोन ऱ्हास?’ हा प्रश्न तरुणांचाच नाही, म्हाताऱ्यांचाही असतो.

गंमत अशी की हेच कुटुंब सुरतमध्ये खोली घेताना दाराची चौकट सागाची आहे का, हे ठोकून बघतं. म्हणजे शोभेला लाकूड चालतं, पण घराचा भार सोपवायचा तो सिमेंटवरच.

हा अविश्वास आला कुठून?

तो अगदीच खोटा नाही. १८३७ च्या एप्रिलमध्ये सुरत शहरात लागलेल्या आगीत नऊ हजारांहून जास्त घरं गेली, कारण शहर लाकडाचं होतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी दगड-माती-लाकडाच्या घरांचा धसकाच घेतला. त्याच वर्षी जंगलं वाचावीत म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींत लाकूड वापरायला बंदी घातली. ही बंदी २०२० मध्ये उठली. पण मधल्या सत्तावीस वर्षांत लोकांच्या मनात ‘पक्कं घर म्हणजे सिमेंटचं घर’ हे घट्ट बसलं.

घटना नीट पाहिल्या तर?

किल्लारीत माणसं दगावली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि छपरावरच्या मातीच्या ओझ्याखाली. भिंती पडल्या तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला, अशी घरंही तिथे पाहायला मिळाली.

आता सुरतचंच बघा. २४ मे २०१९ ला सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागून २२ जणांचा जीव गेला, त्यात बहुतेक शिकवणीला आलेली मुलं होती. इमारत काँक्रीटची. वरच्या मजल्यावर जाणारा जिना मात्र लाकडी होता आणि तो जळून गेला. मुलांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. यातून ‘लाकूड वाईट’ एवढाच धडा घेतला तर तो अर्धाच होईल. इमारत काँक्रीटची असली म्हणून ती सुरक्षित होत नाही. आणि सुटकेच्या वाटेवर जळणारी वस्तू कधीच ठेवायची नसते.

लाकडा-लाकडातही फरक असतो. जाड सरा पेटला तर आधी बाहेरून कोळसतो आणि आतला गाभा बराच वेळ भार पेलत राहतो. पातळ फळी किंवा प्लायवुड मात्र लगेच भडकतं. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात २०२२ मध्ये पूर्ण झालेली २५ मजली इमारत मुख्यतः जाड, चिकटवलेल्या लाकडी तुळयांवर उभी आहे. मात्र तिचा जिना आणि लिफ्टचा भाग काँक्रीटचा आहे. कुठे काय वापरायचं, याचंच हे गणित.

हे गणित आपल्याकडे उलटं झालंय. गावातला जाड सागाचा सरा आपण ‘कच्चा’ म्हणून विकतो. आणि इकडे भाड्याच्या खोलीत प्लायवुडचं पार्टिशन, फळ्यांचा पोटमाळा, त्यावरून लोंबणाऱ्या वायरी आणि खाली गॅस, हे सगळं ‘पक्क्या’ घरात बिनधास्त चालतं.

मग करायचं काय?

धाब्याचं घर जपणं सोपं नाही, हे मान्य. घर वर्षभर कुलूपबंद राहतं, धाबं गळतं, वाळवी लागते आणि सराईत सुतार मिळत नाही. पण पाडण्याआधी तीन गोष्टी करता येतात.

एक, व्यापाऱ्याचा भाव ऐकण्याआधी जाणत्या सुताराकडून सरे तपासून घ्या. गाभा शाबूत असेल तर छपरावरची माती उतरवून हलके पत्रे टाकता येतात का, हे इंजिनिअरला विचारा.

दोन, लाकूड सुरतला आणायचं असेल तर नवापूरची हद्द ओलांडण्याआधी वन कार्यालयात चौकशी करा. डिसेंबर २०२३ पासून देशभरासाठी ऑनलाइन वाहतूक परवान्याची सोय आहे, पण घरातून निघालेल्या जुन्या सागाला कोणता कागद लागेल, हे लेखी विचारलेलं बरं. गाडी अडवल्यावर वाद घालून उपयोग नसतो.

तीन, आणि हे आजच : आपल्या बमरोलीच्या खोलीतून रात्री अंधारात बाहेर पडायची वाट मोकळी आहे का, ते बघा. पोटमाळ्यावर मुलं झोपत असतील तर आधी तिथली वायर बदला.

आजोबांनी उभारलेला सरा विकायचा की ठेवायचा, हे घरोघरी वेगळं ठरेल. पण तो विकताना ‘लाकूडच कच्चं’ हे कारण नको. कच्चं काय नि पक्कं काय, हे घरात काय कुठे वापरलंय यावर ठरतं.