प्रेमाला खोली लागते, शैलीलाही

लेखकाची शैली आणि त्याचे प्रेम या दोन्ही गोष्टी सर्वस्वी खासगी आहेत, समाजकारणाने त्यांत नाक खुपसू नये, असे आपल्याकडील रसिक मंडळी फार पूर्वीपासून बजावत आली आहेत. एकटा तरुण लेखक शहरात येतो, प्रेम शोधतो, स्वतःची शैली शोधतो. दोन्ही सापडली तर थोर ठरतो, न सापडली तर प्रतिभा उणी पडली किंवा दैव आड आले, असा त्यांचा साधा हिशेब असतो. या हिशेबातून खोलीचे भाडे, हातातले काम आणि आडनाव ही तीन कलमे सोयीस्करपणे गाळलेली असतात. ती पुन्हा लिहिली की बेरीज वेगळी येते.

पडताळा पाहण्यास एक जिल्हा पुरे आहे. आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगर जिल्ह्याने मराठीला दोन लेखक दिले. १८९४ साली कर्जत येथे ना. सी. फडके जन्मले, १९३५ साली अकोले तालुक्यातील धामणगावी दगडू मारुती पवार, म्हणजेच दया पवार, जन्मले. फडक्यांचे निधन १९७८ साली झाले आणि त्याच वर्षी 'ग्रंथाली'ने पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध केले. दोघांनीही प्रेमाविषयी लिहिले आणि दोघांचीही शैली मराठीने दखल घ्यावी अशी होती. जिल्हा एकच, पण एकाच्या वाट्याला आलेले शहर दुसऱ्याच्या वाट्याला कधीच आले नाही.

फडके तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. 'जादूगार', 'दौलत' यांसारख्या कादंबऱ्यांनी त्यांनी सुशिक्षित तरुण पिढीला वेड लावले आणि १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून लेखनतंत्राचे धडेही दिले. कला कलेसाठीच असते, हा त्यांचा आग्रह जाहीर होता. त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. संततिनियमनाचा उच्चारही पाप मानला जाई त्या काळात त्यांनी त्याचा उघड पुरस्कार केला, आणि तरुण-तरुणींनी आपल्या पसंतीने जोडीदार निवडावा ही कल्पना हजारो घरांत नेली. परंतु त्यांचा नायक प्रेमात पडतो तेव्हा त्याच्या पाठीशी सुस्थितीतले घर असते, बसण्यास दिवाणखाना असतो, फिरण्यास मोकळी संध्याकाळ असते. ती संध्याकाळ कोणाच्या श्रमावर मोकळी झाली, हा प्रश्न कादंबरीला पडत नाही आणि वाचकालाही पडू नये अशीच तिची रचना असते. कलेसाठी कला हा सिद्धान्त अशा दिवाणखान्यात सहज पटतो. तेथे त्याला कोणी भाडे विचारीत नाही.

आता दुसरे शहर पाहावे. नागपाड्याजवळच्या कावाखान्यात दया पवारांचे बालपण गेले. वडील गोदीत कामाला, आणि वस्तीतील बाया रस्त्यावरचे कागद, चिंध्या, काच वेचणाऱ्या. एकेका खोलीत दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडे. पुढे संगमनेरला शिकून, नोकरीच्या शोधात हा तरुण पुन्हा मुंबईत आला, तेव्हाही राहण्यास तीच दाटी होती. नवराबायकोला दोन शब्द एकांतात बोलायचे तर चार माणसांच्या निजेची वाट पाहावी लागे. अशा जागी प्रेमाची 'खासगी बाब' कोठे ठेवायची, हे रसिकांनी एकदा सांगावे. खासगीपणा हा निसर्गाने सर्वांना सारखा वाटलेला गुण नसून ती एक मालमत्ता आहे, आणि इतर मालमत्तेप्रमाणेच तिचीही वाटणी विषम झाली आहे.

शैलीचेही तेच. 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावे हा निव्वळ तंत्राचा चमत्कार समजणे म्हणजे पुस्तक न वाचण्यासारखे आहे. गावाने ज्याला दगडू म्हटले तो आणि शहरात कचेरीत बसून कविता लिहिणारा दया, या दोघांना एका देहात नांदता येऊ नये अशी व्यवस्था जातीने केली होती. तिने माणसाचे दोन तुकडे केले. लेखकाने ते सांधण्याचे ढोंग न करता समोरासमोर बसवले. हे आत्मचरित्र की कादंबरी, असा खल काहींनी केला. आपल्यातील काही सुशिक्षितांनाही ही लक्तरे वेशीवर टांगलेली आवडली नाहीत. पण कोणत्याही तंत्राच्या पाठशाळेत न शिकवलेली शैली येथे जन्मली होती, आणि ती जन्मली ती कावाखान्याच्या दाटीतून व महारवाड्याच्या बोलीतून.

येथेच थांबलो तर हा लेख आरती ठरेल. 'बलुतं'मध्ये पहिल्या पत्नीवर घेतलेला संशय आणि मोडलेला संसार लेखकाने लपवलेला नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. परंतु त्या प्रसंगात बोलतो तो पुरुष. तिच्या बाजूने काय घडले हे पुस्तकाला ठाऊक नाही. दाटीने दोघांचाही एकांत हिरावला होता, पण शब्द एकालाच मिळाला. ही उणीव भरून काढण्यास स्त्रियांनाच लेखणी हाती घ्यावी लागली. १९८४ साली मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आले आणि क्रांतिकारक कवीच्या घरात प्रेमाची काय दशा होते ते मराठीला कळले. १९८६ साली बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. घरातला मार आणि जातीचा मार ही एकाच चाबकाची दोन टोके असल्याचे त्यात दिसते. पुरुषाच्या प्रेमाच्या शोधाचे भाडे बहुधा स्त्री भरते. समाजवादी म्हणवणाऱ्यांच्या घरांनाही हे लागू आहे.

हा सारा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणू पाहील. त्याने याच जिल्ह्यात फिरून यावे. नेवासे तालुक्यातील सोनई येथे २०१३ साली प्रेमप्रकरणावरून तीन दलित तरुणांची हत्या झाली. २०१८ साली नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवले. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २०१४ साली सवर्ण मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला ठार मारण्यात आले. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. जेथे एका मुलीशी बोलण्याची किंमत प्राणाने मोजावी लागते, तेथील तरुण शहरात येतो तो 'जीवनानुभव' गोळा करण्यासाठी नव्हे. तो जगण्यासाठी येतो. आणि शहरात घरमालक त्याला आधी आडनाव विचारतो.

तेव्हा प्रश्न साहित्याचा असला तरी उत्तर साहित्य संमेलनात मिळणार नाही. आंतरजातीय जोडप्यांच्या रक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शक्ती वाहिनी खटल्यात बजावले. ते कक्ष कागदावर न राहता रात्री-अपरात्री दार उघडणारे झाले पाहिजेत. तालुक्याच्या गावी वसतिगृहे, शहरात नोकरदार स्त्रियांना निवास, जात पाहून खोली नाकारणाऱ्याला शिक्षा, या मागण्या रुक्ष वाटतील. पण ज्यांना मराठीत नवी शैली हवी आहे आणि तरुणांच्या आयुष्यात प्रेम हवे आहे, त्यांना या मागण्यांसाठी मोर्चात यावेच लागेल. अकोले-जामखेडहून आज निघालेल्या दगडूला आणि त्याच्याबरोबर निघालेल्या मुलीला आधी दाराला आतून कडी असलेली एक खोली मिळू द्या. प्रतिभेची चर्चा त्यानंतर करता येईल.