ऑइलचा निर्णय मालकाचाच

गाडी आपली, पैसे आपले. पण इंजिनात कोणतं ऑइल पडलं, हे बहुतेक दुचाकीवाल्यांना सांगता येत नाही. सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘इंजिन ऑइल’ एवढंच लिहिलेलं असतं आणि आपण खालची बेरीज बघून पैसे देतो. पहाटे डेअरीला दूध घालणारा शेतकरी, आडगावच्या शाळेत रोज जाऊन-येऊन करणारी शिक्षिका, दिवसभर पार्सलं पोचवणारा मुलगा, या सगळ्यांचं पोट या इंजिनावर चालतं. म्हणून आज आग्रहानं सांगतो: ऑइल कोणतं, हे दुकानदारानं किंवा जाहिरातीनं ठरवायचं नाही, मालकानं ठरवायचं. त्यासाठी लागणारी माहिती दोन ठिकाणी छापलेली असते: गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत आणि ऑइलच्या डब्यावर.

डब्यावर आपण आधी कंपनीचं नाव वाचतो. माझ्या मते ते सगळ्यात शेवटी वाचावं. मोटरसायकलवाल्यानं सर्वांत आधी ‘जासो एमए’ ही अक्षरं शोधावीत. मोटारीत सहसा इंजिनाचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं आणि क्लच कोरडा असतो. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत मात्र तेच लिटरभर ऑइल पिस्टनला वंगण देतं, गिअरचे दाते सांभाळतं आणि क्लच प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये ही तीन घरं वेगळी होती. आता ती सोय उरलेली नाही.

क्लच प्लेटांचं काम एकमेकींना घट्ट धरण्याचं. मोटारीच्या ऑइलमध्ये पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असू शकतात. ती प्लेटांवर बसली, की पकड सुटते. घाटात तुम्ही रेस पिळता, इंजिन ओरडतं, पण गाडी पुढे सरकत नाही आणि थोड्याच दिवसांत प्लेटा जळतात. मोटारींची ऑइलं अशी निसरडी होत गेली, तेव्हा जपानी वाहन उद्योगानं १९९८मध्ये दुचाकींसाठी स्वतंत्र मानक आणलं, तेच हे जासो. त्यात एमए म्हणजे क्लचची पकड राखणारं ऑइल. २००६मध्ये त्याचे एमए१ आणि एमए२ असे भाग झाले. एमए२ची पकड अधिक. एमबी हे कमी घर्षणाचं ऑइल. ते अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच कोरडा आणि इंजिन ऑइलपासून दूर असतो. स्कूटरमध्ये एमए पडलं तर अ‍ॅव्हरेज थोडं घटेल इतकंच. पण घरातल्या स्कूटरचं उरलेलं एमबी मोटरसायकलमध्ये ओतू नका. ट्रॅक्टरच्या किंवा जीपच्या डब्यातलं ऑइलही, त्यावर जासो एमए छापलेलं नसेल, तर दूरच ठेवा.

दुसरी खूण ग्रेडची आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० यातला पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा, दुसरा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं याचा. थंडीत इंजिन फिरण्याची चाचणी १०डब्ल्यू ऑइलसाठी उणे २५ अंशांवर आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांवर घेतात. निफाडला पारा पाचाच्या खाली गेला की बातमी होते, तेव्हा ऑइल गोठण्याची भीती महाराष्ट्रात कुणालाच नाही. पहिला आकडा लहान असेल, तर सकाळी किक मारल्यावर ऑइल वरच्या भागांपर्यंत लवकर पोचतं, एवढा फायदा मात्र खरा.

‘आपल्याकडे ऊन कडक, तेव्हा जाड ऑइल टाका’ हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. तो बरोबर नाही. स्प्लेंडरची पुस्तिका १०डब्ल्यू-३० सांगते, पल्सर १५०ला २०डब्ल्यू-५० लागतं, बुलेट ३५०ला १५डब्ल्यू-५०. चंद्रपूरच्या मे महिन्यात या तिन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच उन्हात धावतात. हवामान सारखं असूनही ग्रेड वेगळी आहे, कारण इंजिनं वेगळी आहेत. आतल्या भागांमधल्या फटी किती बारीक, ऑइल पंप केवढा, इंजिन किती तापणार, हे सगळं जमेला धरून कंपनी ग्रेड ठरवते. स्प्लेंडरमध्ये जाड ऑइल भरलं, की ते ढवळण्यातच इंजिनाची ताकद जाते, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही उतरतात. पल्सरमध्ये पातळ भरलं, तर तापलेल्या इंजिनात ऑइलचा थर विरळ होतो आणि झीज वाढते. जाड ऑइलनं इंजिनाचा आवाज कमी होतो हे खरं, पण ढिला टॅपेट किंवा सैल कॅम चेन तशीच राहते. आवाज आला तर दुरुस्ती करून घ्या, तो ऑइलनं दाबू नका.

तिसरी खूण एपीआयची: एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितकं मानक नवं. एसएल २००१चं, एसएन २०१०चं, एसपी २०२०चं. पुस्तिकेत एसएल असेल आणि डब्यावर एसएन, तर चालतं; मात्र ग्रेड आणि जासो जुळलेच पाहिजेत. मोटारीच्या डब्यावरही एसएन असतंच, म्हणून निव्वळ या अक्षरांवर भरवसा ठेवू नये.

राहिला प्रश्न मिनरल की सिंथेटिकचा. सिंथेटिक ऑइल उष्णता अधिक सोसतं आणि गिअरच्या दात्यांत चिरडूनही आपला दाटपणा जास्त काळ टिकवतं. दिवसभर शहरातल्या ट्रॅफिकमध्ये किंवा ओझं घेऊन घाटात गाडी चालवणाऱ्यानं त्यासाठी जास्त पैसे द्यावेत. बाकीच्यांनी, पुस्तिकेला मिनरल चालत असेल, तर तेच वेळेवर बदलावं. महागडं ऑइल भरून वर्षानुवर्षं तेच ठेवण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

बदलण्याची वेळ ऑइलच्या रंगावरून ठरवू नका. काजळी उचलून स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, म्हणून ते काळं पडतं. पुस्तिकेतले किलोमीटर आणि महिने, यातलं जे आधी भरेल ते पाळा. धुळीचे रस्ते असतील तर त्याआधीच बदला. गाडी रोज जेमतेम किलोमीटरभरच फिरत असेल तरीही तेच करा. इंजिन पुरतं तापत नाही आणि पाण्याचा अंश व पेट्रोल ऑइलमध्ये साचत जातं. एअरकूल्ड इंजिन थोडं ऑइल खातंही, म्हणून अधूनमधून डिपस्टिक बघा, ती कशी बघायची तेही पुस्तिकेतच आहे. चुकीच्या ग्रेडपेक्षाही कमी झालेली पातळी जास्त घातक आहे, असं माझं ठाम मत आहे.

बॅरलमधलं सुटं ऑइल घेऊ नका. सीलबंद डबा समोर फोडायला सांगा आणि रिकामा झाल्यावर तो चेपून टाका, म्हणजे नकली माल भरायला कुणाच्या हाती लागणार नाही. जळकं ऑइल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते गटारात, विहिरीकडेला किंवा बांधावर ओतू नका. चेनलाही लावू नका, त्यात धातूचे बारीक कण असतात. जिथे ते पुनर्प्रक्रियेसाठी साठवतात, अशा गॅरेजमध्येच जमा करा.

मेकॅनिकच्या हातावर माझा विश्वास आहे आणि तुमचाही असावा. पण कोणत्या गाडीला काय लागतं, हे प्रत्येक वेळी त्याच्या ध्यानात राहील, अशी अपेक्षा ठेवणं योग्य नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला जाण्याआधी पुस्तिका काढा. ग्रेड, एपीआय, जासो आणि किती मिलिलिटर, हे चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी मेकॅनिकच्या हातात द्या. तसं ऑइल त्याच्याकडे नसेल, तर दुसऱ्या दुकानातून आणा. ‘हेच चालतं सगळ्यांना’ या उत्तरावर समाधान मानू नका.