शेजारच्यांनी ऐकावं म्हणून

दर वर्षी 2 एप्रिलला कुठल्या कुठल्या इमारतींवर निळे दिवे लागतात, एखाद्या वाहिनीवर बालमानसतज्ज्ञांची अर्ध्या तासाची मुलाखत होते आणि 3 तारखेला सगळं पुन्हा जिथल्या तिथे. संयुक्त राष्ट्रांनी 2007 साली हा ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या, जागृतीचा दिवस ठरवला. हेतू चांगलाच होता. पण ज्या घरात स्वमग्न मूल आहे त्या घराला जागृतीची गरज नसते, ते रात्री दोनलाही जागंच असतं. गरज असते भिंतीपलीकडच्या घराला.

म्हणून आज सामुदायिक रेडिओबद्दल लिहायचं ठरवलं. आता कोणी म्हणेल, हातातल्या मोबाईलवर हवी ती माहिती मिळत असताना रेडिओ कशाला? मोबाईलवर माहिती आहे, अगदी ढिगाने आहे, आणि बरीचशी आता मराठीतही आहे. पण ती सापडते शोधणाऱ्याला. आई शोधते, रात्री मूल झोपल्यावर शोधते. सासूबाई शोधत नाहीत. वरच्या मजल्यावरचे काका, किराणा दुकानदार, एसटीचे कंडक्टर, लग्नात भेटणारी चुलत आत्या, यांच्यापैकी कोणीही आयुष्यात ‘ऑटिझम’ हा शब्द टाईप करणार नाही. आणि त्या मुलाचा दिवस बरा जाणार की वाईट, हे बऱ्याच अंशी याच मंडळींवर ठरतं. रेडिओ न मागता कानावर पडतो. कांद्याचा भाव, एक अभंग, पाणी सोडण्याची वेळ, आणि त्यातच दहा मिनिटं या मुलांबद्दल.

पण ती दहा मिनिटं बोलायचं कोणी? एका आईने मला सांगितलेलं इथे जसंच्या तसं देतो. “हाक मारली तर वळायचा नाही. सगळे म्हणाले, बहिरा आहे. कान तपासून आणले, कान ठणठणीत. आणि स्वयंपाकघरात चिप्सची पुडी नुसती हातात धरली ना, तर आतल्या खोलीतून धावत यायचा.” डॉक्टरांच्या कागदावर याच गोष्टीला ‘नावाला प्रतिसाद देत नाही’ असं लिहिलेलं असतं. कागदावरचं बरोबरच आहे. पण भाकऱ्या थापताना कानावर पडलेलं पुडीचं वाक्य ऐकून दहा गावांत कुठेतरी एखाद्या बाईचा हात थांबेल, तिला आपला नातू आठवेल, आणि ती सुनेला म्हणेल, अगं, आपल्याकडे पण असंच आहे की.

आपल्याकडे सामुदायिक रेडिओ हे माध्यम तसं नवं. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला. तरी 2004 मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात पहिलं केंद्र सुरू व्हायला नऊ वर्षं गेली, आणि स्वयंसेवी संस्थांना परवानगी मिळाली ती 2006 च्या धोरणानंतर. तेलंगणातल्या पस्तापूरला 2008 साली दलित शेतकरी बायकांनी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. त्याच सुमारास आपल्या माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. बारामतीला कृषी वाहिनी आहे, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे. देशभरात आता अशी पाचशेच्या घरात केंद्रं आहेत. शंभर वॅटची ताकद, फार तर तीस मीटरचा मनोरा, आणि आवाज पोचणार दहा-पंधरा किलोमीटर. एवढ्याशा टापूसाठी बोलायचं असल्यामुळे बोलणाऱ्याला आव आणावा लागत नाही. निदान निम्मे कार्यक्रम तिथल्याच लोकांनी, तिथेच केलेले असावेत, हा तर नियमच आहे.

आई-बापांनी बोलायला हवं याचं मला आणखी एक कारण दिसतं, आणि ते या विषयाच्या इतिहासातच आहे. 1943 साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं निरीक्षण मांडलं, तिथून ऑटिझमचा वैद्यकीय अभ्यास सुरू झाला. पुढची दोन-अडीच दशकं मात्र दोष आईच्या माथी मारण्यात गेली. आई थंड, मायेचा ओलावा नाही, म्हणून मूल स्वतःत मिटलं, असं मोठमोठे लोक छातीठोक सांगत होते. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 मध्ये त्यावर जाडजूड पुस्तकच लिहिलं. त्याआधी तीन वर्षं, 1964 मध्ये, हे सगळं थोतांड आहे, कारण मेंदूच्या घडणीत आहे, असं पुराव्यानिशी मांडलं बर्नार्ड रिमलँड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते, पण त्याचबरोबर एका स्वमग्न मुलाचे वडील होते. आपल्या देशात 1991 साली दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ उभी केली ती मेरी बरुआ यांनी, त्याही अशाच एका मुलाच्या आई.

बेटलहाइम गेले, पण त्यांचं म्हणणं आपल्या माजघरात अजून सुखाने नांदतं आहे. “तू नोकरीला जातेस म्हणून.” “गरोदरपणी सारखी रडत होतीस म्हणून.” “मोबाईल हातात दिलात म्हणून.” आणि या सगळ्यांच्या वरताण, “याचा बाप पण चौथ्या वर्षी बोलला, बोलेल हळूहळू.” या शेवटच्या वाक्याने किती मुलांची सुरुवातीची, सगळ्यात मोलाची दोन वर्षं खाल्ली असतील, सांगता येत नाही.

आता थोडं कामाचं. सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या मात्र जशाच्या तशा लावता येतात. हा नियम मला कधीच पटलेला नाही. पण स्थानिक सूचना द्यायला मुभा आहे, आणि स्वमग्न मूल असलेल्या घरांना खरी उपयोगी पडते ती सूचनाच. जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राचं बोर्ड कोणत्या वारी बसतं? लहान मुलांच्या तपासणीचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठल्या इमारतीत आहे? तिथे ‘आयसा’ नावाच्या चाळीस मुद्द्यांच्या मोजपट्टीवर मूल तपासतात, तर घरून कोणी सोबत जावं? माझं उत्तर, जो दिवसभर मुलाजवळ असतो त्याने. रजा काढून आलेल्या बापाला मूल काय खातं आणि कशाला घाबरतं तेही पुष्कळदा सांगता येत नाही. ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे, हे कितीजणांना ठाऊक आहे? मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होतं. त्यानंतर पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यासाच्या 1999 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. आपल्याच पोराचं पालक व्हायला अर्ज? हा धक्का बँकेच्या खिडकीवर बसण्यापेक्षा रेडिओवर आधी कानावर आलेला बरा.

स्टुडिओतही काही गोष्टी बदलाव्या लागतील. रेडिओवाल्यांना शांततेची भीती असते. तीन सेकंद आवाज गेला की तंत्रज्ञ काचेतून हातवारे करायला लागतो. स्वमग्न मुलाला किंवा तरुणाला प्रश्न विचारला तर उत्तर यायला कधी दहा सेकंद लागतात, कधी उत्तर येतं ते मागच्या प्रश्नाचं. निवेदक लगेच दुसरा प्रश्न टाकतो आणि सगळा घोळ होतो. ते दहा सेकंद कापू नका. ऐकणाऱ्यालाही कळू दे की थांबलं तर उत्तर येतं. आणि कृपा करून दोन कार्यक्रमांच्या मधे ती ढँण्णकन वाजणारी धून जरा खाली आणा. अनेक स्वमग्न मुलांना अचानक आलेला मोठा आवाज सोसत नाही, आणि हीच मुलं रोज त्याच वेळी लागणाऱ्या त्याच सुरावटीवर मात्र जीव टाकतात. रेडिओचं वेळापत्रक त्यांच्याच स्वभावाचं आहे म्हणायचं.

एक अडचण मला खरीच मोठी वाटते. बारा किलोमीटरच्या टापूत नाव बदलून काही उपयोग नसतो, आवाजावरून माणूस ओळखू येतो. आई मनमोकळं बोलली आणि दुसऱ्या दिवशी बाजारात कोणी हसलं, तर ती पुन्हा माईकसमोर येणार नाही. शिवाय मुलाच्या घरातल्या, न्हाणीघरातल्या गोष्टी चारचौघांत सांगायला त्या मुलाने कुठे होकार दिलाय? यावर उपाय सोपा आहे. केंद्रांनी ध्वनिमुद्रणांची अदलाबदल करावी. माणमधल्या आईचं बोलणं बारामतीत लावा, बारामतीच्या आईचं माणमध्ये. दुखणं तेच असतं आणि ओळखणारं कोणी नसतं.

दुसरी धास्ती जाहिरातींची. 2024 पासून या केंद्रांना तासाला बारा मिनिटं जाहिराती घेता येतात. केंद्र चालवायला पैसा लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘ऑटिझम मुळापासून बरा’ म्हणणारे वैद्य आणि मूलपेशींची इंजेक्शनं देणारे दवाखाने पैसे घेऊन पहिले दाराशी येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनी मूलपेशींचा नेहमीच्या उपचारात वापर फक्त ठराविक आजारांपुरता, मुख्यतः रक्ताच्या, मान्य केला आहे. ऑटिझम त्यात नाही. अशी जाहिरात एकदा लागली की आधीच्या पन्नास कार्यक्रमांवर पाणी पडतं, कारण लोक म्हणतात, रेडिओवर सांगितलं.

राहता राहिली वेळ. असा कार्यक्रम ठेवायचा म्हटलं की सगळे दुपारी तीनची वेळ सुचवतात, कारण तेव्हा आया मोकळ्या असतात. एक तर अशा मुलाची आई दुपारी तीनला मोकळी असते हा समज कोणी करून दिला, कोण जाणे. आणि तिच्यासाठी हवा तर तो कार्यक्रम रात्री साडेदहाला पुन्हा लावा. पहिल्यांदा मात्र तो संध्याकाळी लागू दे, दूध घालायच्या वेळेला. डेअरीवर चाळीस माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी असतात, फॅट लागेपर्यंत कोणाला हलता येत नाही, आणि खिडकीत रेडिओ चालूच असतो.